हक्कसोड

दाणे कार्डिनलसाठी होते, एवढं तरी नोंदवून ठेवते.
खोक्यावर त्याचंच चित्र होतं,
तुरा असा, की आत्ताच वरातीतून उतरलाय.
लुईसबर्गच्या हार्डवेअर दुकानात
सुट्टे पैसे परत देताना
म्हाताऱ्या हॉस्टेटरनं एवढंच विचारलं,
"आणि बाकीच्यांचं काय?"
मला वाटलं, चिमण्यांबद्दल बोलतोय.

पहिल्या आठवड्यात खार आली. ती येणारच.
मग टर्की, अकरा, एकामागे एक,
पंगतीला उशीर झाल्यासारख्या लगबगीनं.
खाली सांडलेलं सगळं टिपलं
आणि निरोप न घेता कुंपणापलीकडे गेल्या.

डिसेंबरात ससाणा. तो दाण्यांसाठी नव्हता.
बर्फावर थोडी राखाडी पिसं राहिली,
ती मी झाडली नाहीत.
का, ते ठाऊक नाही.

एप्रिलात अस्वल.
त्याला पाहिलं नाही, फक्त खांब पाहिला,
लोखंडी, जमिनीला टेकलेला,
आणि दाण्यांची नळी सापडली तीन घरं सोडून,
आतून चाटून लख्ख.
यशोधन म्हणाला, "आता पुरे.
हे पक्ष्यांचं काम राहिलेलं नाही."
मी शरदात नवा खांब आणला.

तरी हिशेब लागेना.
संध्याकाळी काठोकाठ भरावी नळी,
सकाळी चार बोटं रिकामी.
रात्री चिमण्या खात नाहीत, एवढं मलाही कळतं.

जानेवारीत दिगूचा फोन. रात्रीचे पावणेदोन,
त्याच्याकडे भर दुपार.
दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेर उभा होता,
मागे कुणीतरी झेरॉक्सवाल्याशी भांडत होतं.
हक्कसोडपत्र. माझी सही. कॉन्सुलेटचा शिक्का.
"तू येणार आहेस का इथे राहायला? नाही ना?
विहिरीचं पाणी तू पिणार आहेस?
मग कशाला अडवून धरतेस?"

यशोधन जागा होऊ नये म्हणून
स्वयंपाकघरातला दिवा लावला नव्हता.
गार ओट्याला टेकून मी म्हणत होते,
पाण्याचा प्रश्न नाही रे,
आणि प्रश्न कशाचा, ते आठवत होते,
तेवढ्यात ओकवरून काहीतरी पडलं.

पडलं नाही.
पानासारखं तिरकं आलं, वाऱ्याशिवाय,
शेवटच्या क्षणी जरा वर उचललं
आणि थप्पकन खांबाला चिकटलं.

शेजारच्या गॅरेजच्या उजेडात
मूठभर जीव.
डोळे तोंडाला न पेलणारे, काळेभोर,
आणि अंगावर कातडी सैल,
थोरल्या भावाचा सदरा घातल्यासारखी.
बाह्या दुमडाव्यात तशी तिनं ती आवरून घेतली
आणि उलटी लटकून एक दाणा सोलू लागली.
मग दुसरी आली. मग दोन एकदम.

म्हणजे इतके महिने
मी झोपले की हे चालायचं.
माझ्याच खिडकीसमोर, माझ्याच पैशांचं,
आणि मला न विचारता.

"हॅलो? ऐकतेस ना?"

"दिगू, इथे खारी उडतायत."

"काय उडतायत?"

"खारी. रात्रीच्या. दाणे खायला आल्यात."

आता म्हणेल, विषय बदलू नकोस.
आता म्हणेल, तुझं नेहमीचंच.
झेरॉक्सवाल्याचा आवाज दूर गेला,
बहुतेक तो पायऱ्या उतरून झाडाखाली गेला असावा.
लहानपणी काही लपवून बघायचं असलं
की असाच बाजूला घेऊन जायचा.

मग खालच्या आवाजात,
जणू त्याच्या बोलण्यानं त्या दचकतील,
"किती आहेत?"

"चार. थांब.
ओकवर अजून एक बसलीय."

"मोज नीट," तो म्हणाला.
"मी आहे धरून."